आंबोलीचा वर्षाभू

सावंतवाडीहून बेळगांवाकडे जाणारा रस्ता घाट चढून माथ्यावर येतो, तेथें आंबोली गांव आहे. उंची सुमारें 700 मीटर. पाऊस वर्षाकांठीं 7000 मिलिमीटरांच्या घरांत. बहुतेक प्रवासी येथें धबधबे पाहण्यास येतात. गतवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आम्ही गेलों, तें मात्र अंगठ्याएवढ्या एका प्राण्याच्या दर्शनासाठीं.

हा प्राणी म्हणजे आंबोलीचा भेक. याच्या दोहों कुशींवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात. 2009 सालीं एस. डी. बिजू व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन करून 'झॅन्थोफ्रायनी टायग्रिना' असें नांव ठेविलें. यांतील पहिल्या ग्रीक पदाचा अर्थ 'पीतभेक' असाच होतो. त्याचा सगोत्र एकच. 1963 सालीं सोमण यांनीं वर्णिलेला कोयनेचा भेक. सह्याद्रीबाहेर जगांत या दोघांस घर नाहीं.

अमरकोशांत बेडकास 'वर्षाभू' असें एक नांव आहे; तें यास अक्षरशः शोभतें. पहिला पाऊस पडतांच तो जांभ्या दगडाच्या सड्यावर प्रकट होतो, आणि कातळाच्या खळग्यांत सांचलेल्या उथळ पाण्यांत मादी अंडीं घालते. पावसानें मध्येंच दडी मारली कीं खळगे आटतात व अंडीं वाळून जातात.

याच रानांत झुडपांवर राहणारा दुसरा एक चिमुकला बेडूक आहे, 'स्यूडोफिलॉटस आंबोली'. त्याची तऱ्हा उलट. त्याच्या वंशांत शेपटीचीं पिलें पाण्यांत पोहत नाहींत. अंड्यांतूनच इवलासा बेडूक बाहेर येतो. त्यास डबकें नको, पण दाट सावली व ओलसर भूमि हवी. एकास उघडा कातळ, दुसऱ्यास घनदाट झाडी; दोन्ही असतील तरच आंबोली ही आंबोली.

आपण सडा पाहून 'ओसाड माळ' म्हणतों आणि त्यावर निःशंक मोटार उभी करतों. एका चाकाखालीं एक खळगा गेला, तर कदाचित् एका जोडप्याची त्या वर्षाची सारी प्रजा गेली. शिवाय प्रवाशांची गर्दी आणि बेडकांचा विणीचा काळ एकाच ऋतूंत येतात. रात्रीं मुक्कामाकडे परततांना रस्त्यावर चिरडलेले बेडूक आम्ही मोजूं लागलों. थोड्याच वेळांत मोजणें सोडून दिलें. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या भेकास अतिसंकटग्रस्त वर्गांत घातलें आहे, त्याचा अर्थ तेथें उमगला.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. येथेंच हिरण्यकेशीच्या उगमापाशीं देवळाच्या कुंडांत सांपडलेल्या एका लहान माशाचें वर्णन 2020 सालीं प्रसिद्ध झालें, आणि 2021 सालीं महाराष्ट्र सरकारनें तें स्थान जैवविविधतेचें वारसास्थळ ठरविलें. जें माशासाठीं झालें, तें भेकासाठीं आपण कायद्यावांचूनही करूं शकतों.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत एक मंडूकसूक्त आहे. पावसानें जागृत झालेल्या बेडकांचा स्वर तेथें वेदपाठी ब्राह्मणांच्या घोषासारखा वर्णिला आहे. ज्या घरांत त्या सूक्ताचा अभिमान आहे, त्या घरच्या मंडळींनीं पावसाळ्यांत आंबोलीस अवश्य जावें. पण रात्रीं गाडी सावकाश हांकावी, सड्यावर ती नेऊं नये, आणि मुलांना खळग्यांत पाय घालूं देऊं नये. एवढें पथ्य फार नव्हे.