घाट उतरणारी बोट

कारवारच्या काळी नदीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला आमच्या दाजींना वीस फुटी बोट हवी होती. मी चौदा फुटीवर अडून बसलो. बोट पाण्यात चार तास, पण बेळगावहून ट्रेलरवर सारा दिवस! अणशी घाट जवळचा, पण वळणे अरुंद. म्हणून यल्लापूरवरून अरबैल घाट धरला. उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागला. काळजाचे पाणी झाले. एका टपरीपाशी जीप थांबवली. इंजिन मागे, पेट्रोलचे डबेही मागेच! एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी जीपच्या हुकावर यावा लागतो. डबे, नांगर पुढे बांधले. टपरीवाला म्हणाला, ''निधान होग्री!'' दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. कारवारला चाके निवेपर्यंत ट्रेलर खाऱ्या पाण्यात घातला नाही. तापलेले बेअरिंग पाणी आत ओढते. दाजी तोवर बांगडे खाऊन आले.