कुरुंदाचा दगड

आपल्या शाळेच्या नागाव सहलीत एका सुपारीच्या वाडीत कोयत्याला धार लावणे चालले होते. कार्बोरंडमचा तो दगड पाहून सातवीतील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हा दगड रडारच्या लहरी गिळतो." मी सर्वांदेखत हसलो. त्याच आठवड्यात मी कालामसुत्त शिकवले होते: केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका.

परतल्यावर वाचले. तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. १८९१ मध्ये अमेरिकेत ॲचेसन यांच्या विद्युतभट्टीत तो हाती आला. त्यात कुरुंदाचा अंश असावा, या गैरसमजातून 'कार्बोरंडम' हे नाव पडले. म्हणजे संशोधकही चुकले होते, एवढाच माझा दिलासा! धातूवरून सूक्ष्मलहरी परावर्तित होतात, काचेतून बऱ्याचशा आरपार जातात. हा अर्धवाहक मात्र त्यांची ऊर्जा घेऊन तापतो. म्हणूनच रडारपासून लपविणाऱ्या आवरणांसाठी त्याचा अभ्यास होतो.

पुढच्या तासाला, सर्वांदेखतच, मी त्याची माफी मागितली आणि विचारले, "हे तुला कुठे कळले?"

"ग्रंथालयात, सर. तुम्हीच तर तिथे बसायला सांगितले होते."