माशाच्या कानांतील खडा

माशाला कान असतात काय, असा प्रश्न केला तर पुष्कळ वाचक हंसतील. बाहेरून दिसणारा कान त्याला नाहीं हें खरें; परंतु कवटीच्या आंत, मेंदूच्या मागील भागाजवळ दोहों बाजूंस कान असतात व प्रत्येक कानांत तीन बारीक पांढरे खडे असतात. कित्येक लोक त्यांस कानाचें हाड म्हणतात. वस्तुतः तें हाड नव्हे, कॅल्शियम कार्बोनेटचे थर सांचून झालेला तो खडा होय. ऐकणें व तोल सांभाळणें हीं कामें त्याच्या साह्यानें चालतात. या तिघांस शास्त्रज्ञांनीं लॅटिन भाषेंतून बाण, खडी आणि तारका या अर्थाचीं नांवें दिलीं आहेत. माशाबरोबर खडा वाढतो, आणि त्याचा आकार जातीजातींत निराळा असतो. जर्मनींतील कोकेन या विद्वानानें १८८४ सालीं प्राचीन खडकांत सांपडलेल्या अशा खड्यांवरून नामशेष माशांचा अभ्यास केला होता.

आम्हांस या खड्यांची गरज पडली ती एका तंट्यामुळें. वसतिगृहाजवळील तलावाचा मक्ता मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीकडे आहे, व आमच्यांपैकीं दोघांचे वडील तिचे सभासद आहेत. दर पावसाळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बोटभर बीज पाण्यांत सोडतात. गेलीं दोन वर्षें हे मासे जाळ्यांत फार थोडे आले. कांठच्या बाभळींवर पाणकावळ्यांचे थवे रात्रीं वस्तीस असतात; तेव्हां बीज त्यांनींच फस्त केलें असें ठरून बाभळी तोडण्याची भाषा सुरू झाली. ज्यांची चूल या तलावावर पेटते त्यांचा संताप आम्हांस समजत होता. पण पाणकावळा मासे खातो एवढ्यावरून तो रोहूच खातो असें कसें म्हणावें? मूळचा आफ्रिकेंतला, १९५२ सालीं या देशांत आणलेला तिलापियाही त्या पाण्यांत उदंड आहे.

पाणकावळा न पचलेलीं हाडें चिकट आवरणाच्या गोळीच्या रूपानें ओकून टाकतो. त्या गोळ्यांत कानांतील खडे सांपडतात, असें आमच्या गुरुजींनीं सांगितलें. परंतु ओळख पटविण्यास आधीं नमुने हवेत. म्हणून आम्ही आठवड्याच्या बाजारांत माशांचीं डोकीं मागत फिरलों. “पोरांनो, कालवणाला नेतां कीं पुस्तकाला?” असें विचारीत एका मावशींनीं पिशवी भरून दिली. चिमट्यानें खडे काढून, धुवून, जातीचें नांव व माशाची लांबी लिहिलेल्या पुड्यांत आम्हीं ते ठेविले.

तिलापियाचा ‘बाण’ मोठा, चपटा, लांबट वाटोळा असून त्याच्या एका अंगास पन्हळ असते. रोहूच्या कुळांत तोच बाण सुईसारखा नाजूक, हात लागतांच मोडणारा. तेथें ‘तारका’ मोठी, थाळीसारखी गोल व कांठास दांते असलेली. या कुळाच्या कानाची रचनाच वेगळी आहे. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत पोंचणारी बारीक हाडांची सांखळी वेबर यानें १८२० सालीं वर्णिली, ती याच माशांत असते. म्हणून हीं दोन कुळें वेगळीं करणें एका दुपारचें काम झालें.

खरी कसोटी पुढें होती. तारका मिळाली म्हणजे ती रोहूचीच असें नाहीं; आपली साधी खवली देखील त्याच कुळांतली. सारख्या आकारमानाच्या तारका घेऊन, डाव्याशीं डावी व उजव्याशीं उजवी अशी जुळवावी लागे. वयाप्रमाणें आकार बदलतो, म्हणून लहान माशाची तारका मोठ्याच्या तारकेशीं ताडून उपयोग नसतो. भिंगाखालीं बाह्यरेषा चौकटीच्या कागदावर काढून आम्हीं लांबी, रुंदी व खांचेची खोली मोजली. मोठ्या प्रयोगशाळांत हीच रेषा छायाचित्रावरून गणिताच्या आधारें तपासतात. आमच्या डोळ्यांस त्या महिन्यांत जी शिकवण मिळाली ती शंभर आकृत्या पाठ करूनही मिळाली नसती.

गोळ्यांतील बहुतेक खडे तिलापियाचे निघाले. तारकांपैकीं पुष्कळशा पोटांतील आम्लानें झिजल्या होत्या, त्या आम्हीं बाजूस ठेविल्या. कांठ शाबूत असलेल्यांत खवलीच्या अधिक व रोहूच्या थोड्या होत्या.

सोसायटीच्या सभेंत हे कागद मांडले तेव्हां एका वृद्ध सभासदांनीं विचारलें, “बीज इवलेंसें, त्याचा खडा तर मोहरीहूनही लहान. तो पोटांत आधीं विरणार नाहीं काय?” शंका अगदीं रास्त होती, आणि गुरुजींनीं ती तेथेंच मान्य केली. मोठ्या खड्यांपेक्षां लहान खडे लवकर नाहींसे होतात. यास्तव पाणकावळा निर्दोष आहे असें आमचे कागद म्हणत नव्हते. मात्र तो तिलापियाही मनसोक्त खातो, आणि बाभळी तोडल्यास तोही उपयोग बुडेल, हें सर्वांच्या ध्यानांत आलें.

बराच वाद होऊन बाभळी एक वर्ष राखावयाच्या व बीज जाळ्याच्या कुंपणांत चार इंचांचें होईपर्यंत वाढवून मग तलावांत सोडावयाचें, असें ठरलें. आमची पुड्यांची पेटी शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे. तींत मरळ अद्याप नाहीं. ज्यांच्या घरीं येईल त्यांनीं डोकें तेवढें आम्हांकडे पाठवावें.