ओम्नीची वही

आमच्या दारात एक मारुती ओम्नी उभी आहे. एमएच २८ पासिंगची, २००५ सालची. रंग पांढरा म्हणायचा एवढेच. खालून निम्मी काळ्या मातीच्या रंगाची झाली आहे. तिच्या नोंदणीला वीस वर्षे पूर्ण झाली. आता नूतनीकरण करायचे की भंगारात घालायची, यावर आमच्या घरात आणि वस्तीत पंधरा दिवसांपासून चर्चा चालू आहे. २०२० साली पंधरा वर्षे भरली तेव्हा नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० केले. पर्यावरण कर वेगळा. भंगारवाला मात्र बावीस हजार रुपये रोख द्यायला तयार आहे. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला हे गणित अवघड जाऊ नये. तरी आम्ही अडलो आहोत, ते एका वहीमुळे.

ही गाडी आम्ही २०१० साली चिखलीच्या एका शिक्षकांकडून पंचाण्णव हजारांना घेतली. साठ हजार पतसंस्थेचे कर्ज, बाकीचे सहचारिणीच्या गळ्यातले. तेव्हापासून लाल पुठ्ठ्याच्या वहीत तिचा जमाखर्च आम्ही लिहीत आलो. कॉलेजात शिकलेल्या घसाऱ्याचा उपयोग नोकरीत कधी झाला नाही, तो या वहीत झाला. पाच-सहा वर्षांत वहीप्रमाणे गाडीची किंमत शून्याच्या जवळ आली. गाडीला ते कळले नाही.

घेण्याचे कारण हौस नव्हते. आमचे गाव घाटाखाली, मोताळा तालुक्यात. दवाखाना म्हणजे बुलढाणा, आणि मध्ये राजूर घाट. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. त्याआधी रात्री-अपरात्री कोणाला पोटात दुखले, कोणी बाई अडली, तर गावातल्या एका जीपवाल्याच्या दारात उभे राहावे लागे. दार उघडे, पण उत्तर ठरलेले असे: "डिझेल नाही." आमच्या वस्तीतल्या माणसांसाठीच डिझेल का संपते, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारले तर पुढच्या वेळी दारही उघडले नसते.

ओम्नीच का, असे पुष्कळांनी विचारले. सिनेमात मुले पळवायला हीच गाडी वापरतात, म्हणून सुरुवातीला वस्तीतली पोरे तिला भीत. आम्ही पाहिले ते तिचे सरकते दार. बोळीत एका बाजूला बैलगाडी उभी असली तरी ते उघडते. मधले आसन काढले की गोधडी अंथरून माणूस आडवा नेता येतो. इंजिन ७९६ सी.सी., तीन सिलिंडरचे, मारुती ८०० चेच. मलकापूरपासून मेहकरपर्यंत कोणताही मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. हे गुण झाले. दोष असे की इंजिन पुढच्या आसनाखालीच असल्याने मे महिन्यात चालकाला तव्यावर बसल्यासारखे वाटते. समोर बॉनेट नाही, म्हणजे टक्कर झाली तर आधी गुडघे, मग गाडी. चाकांना जोर मागून मिळतो, त्यामुळे रिकामी असली की पावसाळ्यात काळ्या मातीत शेपूट हलवते; आम्ही मागे मुरुमाची दोन पोती ठेवतो. आठ माणसे भरून राजूर घाट चढवली की पाणी उकळते. घाटात कोठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि रेडिएटरचे झाकण कधी उघडायचे, हे आमच्या पुतण्याला पाठ आहे. एकदा घाई केली, त्याची खूण त्याच्या मनगटावर आहे.

वहीतले एक पान मात्र आम्ही सहसा उघडत नाही. मे २०११. लग्नसराई. गाडीवर कर्ज होते, हप्ता थकला होता. ओळखीच्या एका वऱ्हाडासाठी आम्ही ती जळगाव जामोदकडे पाठवली. खाजगी नंबरची गाडी भाड्याने द्यायची नसते, हे आम्हांला ठाऊक होते. 'पेट्रोलखर्च' असे लिहून पाचशे रुपये जमा धरले. त्याच रात्री शेजारच्या आप्पांच्या छातीत कळ आली. काकू धावत आमच्या दारात आल्या आणि रिकाम्या अंगणाकडे पाहत उभ्या राहिल्या. आप्पांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेले. घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांची मान मागे बसलेल्याच्या खांद्यावर पडली.

गाडी असती तर आप्पा वाचले असते काय, हे कोणी सांगू शकणार नाही. आम्हीही सांगत नाही. तिसऱ्या दिवशी काकू आल्या आणि पदराची गाठ सोडून दोनशे रुपये आमच्या पुढे ठेवले. होळीच्या सुमारास आम्ही आप्पांना बुलढाण्याला डोळे दाखवायला नेले होते, त्याचे पेट्रोल राहिले होते. वहीत ते उधारीत होते आणि आम्ही विसरलो होतो. काकू विसरल्या नव्हत्या. आम्ही नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्याइनं सांगून ठेवलं व्हतं, बाबू. लिहून घे." आम्ही लिहून घेतले. जमा, रुपये दोनशे. त्याच पानावर वर ते पाचशे आहेत.

त्यानंतर नियम केला. दिवस मावळल्यावर गाडी गावाबाहेर राहणार नाही, लग्न कोणाचेही असो. टाकी अर्धी भरलेली हवी. चावी ओसरीच्या खुंटीला, कोणाच्या खिशात नाही. गाडी चालवू शकणारी चार पोरे तयार केली. परवाने काढण्यासाठी त्यांना घेऊन आरटीओच्या खेपा केल्या. हा नियम पाळताना सख्ख्या मेहुणीच्या लग्नात आम्ही वाईट झालो, त्याबद्दल सासरी अजून ऐकवतात.

ज्या कंपनीची ही गाडी, तिची हकिकत आम्हांला फार उशिरा कळली. २५ डिसेंबर २०२४ रोजी सुझुकी कंपनीचे ओसामु सुझुकी वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. पुढच्या महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. त्या निमित्ताने आम्ही थोडे वाचले, तेव्हा गंमत वाटली. हे गृहस्थ मूळचे मात्सुदा. सुझुकी घराण्यात लग्न करून त्यांनी सासरचे आडनाव घेतले, म्हणजे आपल्या भाषेत घरजावई. आपल्याकडे घरजावयाची चेष्टा होते. या जावयाने चाळीसहून अधिक वर्षे कंपनी हाकली.

त्याहून मोलाची गोष्ट मूळ पुरुषाची. मिचिओ सुझुकी, जन्म १८८७, जपानातील हामामात्सु गावाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. सुताराच्या हाताखाली उमेदवारी केली. नंतर हातमाग बनवायला लागला, आणि पहिला माग त्याने आपल्या आईला दिला असे सांगतात. १९०९ साली त्याने मागांचा कारखाना काढला. (टोयोटाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हेही सुताराचे पुत्र, आणि तेही मागच बनवीत.) पुढे १९५१ च्या सुमारास जपानात कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा या लोकांनी सायकलला ३६ सी.सी.चे इंजिन बसवून १९५२ साली ती विकायला काढली. १९५५ साली पहिली छोटी मोटार, १९६१ साली कॅरी नावाचे मालवाहू वाहन. आमची ओम्नी त्या कॅरीच्याच वंशातली.

कापूस बुडाला म्हणून मोटार जन्मली, हे वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. आमचा जिल्हाही कापसाचा. खामगावच्या बाजारासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबहून वेगळा रेल्वेफाटा काढला, एवढा इथला कापूस. आमच्या वडिलांनी लोकांच्या शेतांत तो वेचला. इथेही कापूस अनेकदा बुडाला. पण वेचणाऱ्याच्या हाती तेव्हा ना कारखाना होता, ना भांडवल. इथे बुडाला तो माणूस. जपानी सुताराची हुशारी आम्ही नाकारीत नाही, पण हुशारीला उभे राहायला जागा लागते.

भारतातली कथा पुष्कळांना ठाऊक आहे. संजय गांधींनी १९७१ साली काढलेली मारुती कंपनी १९७८ साली गुंडाळली गेली. १९८१ साली सरकारने मारुती उद्योग स्थापन केली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा सुरुवातीस २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हाती मारुती ८०० ची चावी दिली. १९८४ साली मारुती व्हॅन आली, तिलाच १९८८ साली ओम्नी हे नाव मिळाले. २००७ साली कंपनीचे नाव मारुती सुझुकी झाले. ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, ओम्नीचे २०१९ साली. सुरक्षिततेचे नवे नियम तिच्या बिनबॉनेटच्या तोंडाला झेपणारे नव्हते. आता तिचे काम ईको करते.

या इतिहासातील एक गोष्ट आम्ही वडिलांना मुद्दाम वाचून दाखवली. जपान्यांनी गुडगावच्या कारखान्यात असा रिवाज घातला की संचालकापासून कामगारापर्यंत सर्वांना एकच गणवेश आणि एकच भोजनगृह. साहेबांनीही रांगेत उभे राहून ताट घ्यायचे. वडिलांनी आयुष्यभर वेगळ्या पंगतीत आणि वेगळ्या कपात चहा घेतला. आम्हांला वाटले, ते खूष होतील. त्यांनी शांतपणे विचारले, "मंग तठी भांडे कोन घासते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आणि वडिलांची शंका अगदीच वावगी नव्हती. १८ जुलै २०१२ रोजी याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात मोठा हिंसाचार झाला. आग लागली, त्यात एक अधिकारी मरण पावले. सुरुवात कशाने झाली, यावर दोन बाजू. एका पर्यवेक्षकाने दलित कामगाराला जातिवाचक शिवी दिली, असे कामगार संघटनेचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले आणि कामगारानेच पर्यवेक्षकाला मारले असे सांगितले. मागे कंत्राटी पद्धत आणि सात-साडेसात मिनिटांच्या चहाच्या सुट्टीचा राग होताच. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने तेरा कामगारांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्यांतले कित्येक जण कित्येक वर्षे तुरुंगात काढून आलेले होते. मेलेल्या अधिकाऱ्याच्या घरचे दुःखही आम्ही कमी लेखत नाही. पण ती बातमी आली तेव्हा वस्तीतला एक तरुण आम्हांला म्हणाला, "दादा, आपली गाडी त्याच कंपनीची ना? इकून टाका." आम्ही म्हणालो, आपली ओम्नी गुडगावची, मानेसरची नव्हे. हे उत्तर कारकुनी होते, हे तेव्हाही कळत होते. गाडी विकली नाही, कारण त्या आठवड्यात एक बाळंतीण घाट चढवायची होती.

वही पुढे चाळतो तसे नोंदी येतात. सर्पदंश, बुलढाणा, रात्री दोन. बाळंतपण, मुलगी. बाळंतपण, मुलगा. विहिरीत पडलेला पोर. एप्रिल २०२१ मध्ये तर सलग अकरा दिवस एकच शब्द लिहिला आहे, 'कोरोना', आणि त्यापुढे जाणे-येणे. दोघेजण नुसते जाण्याचे. त्या काळात रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता, लागला तरी ती आधीच कोठेतरी गेलेली असे. एका पहाटे त्या जीपवाल्याच्या घरून निरोप आला. जीप त्याने केव्हाच विकली होती आणि त्याच्या आईला श्वास लागत नव्हता. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, खुंटीवर चावी आहे. म्हातारी बरी होऊन आली. पेट्रोलचे पैसे त्याने दुप्पट पाठवले. आम्ही निम्मे परत केले आणि तसे वहीत लिहिले.

आता १०८ येते, पूर्वीपेक्षा बरीच लवकर येते. गावात चारचाकी गाड्याही बऱ्याच झाल्या. म्हणून सहचारिणीचे म्हणणे, झाले तेवढे पुरे, बावीस हजार घ्या आणि माझे सोने करून द्या. तिचा हक्क आहे, पंधरा वर्षे ती काही बोलली नाही. पुतण्याचे म्हणणे, १०८ ला फोन लावल्यापासून दारात येईपर्यंतचा वेळ तुम्ही कधी वहीत लिहिला का? ते आम्ही लिहिले नव्हते. गेल्या दोन महिन्यांपासून लिहितो आहोत. नोंदी अजून चारच आहेत. सर्वांत कमी पंचवीस मिनिटे, सर्वांत जास्त एक तास दहा.

परवा महिला बचत गटाच्या बैठकीत हा विषय कोणी काढला ते माहीत नाही. रात्री काकू आल्या, आप्पांच्या. गटाने चार हजार द्यायचे ठरवले आहे म्हणाल्या, बाकीचे तुम्ही पाहा. सहचारिणी आतून ऐकत होती. तिने बाहेर येऊन काकूंना पाट दिला आणि आम्हांला म्हणाली, "पाच वर्षांचं करा, पन सोन्याचं वहीत लिहून ठेवा." ते लिहिले, तारीख घालून.

आरटीओत तपासणीची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली आहे. त्याआधी डाव्या सरकत्या दाराची चाके बदलायची आहेत, दार अडकते. मलकापूरचा मिस्त्री सामान मिळेल म्हणतो.