सवतीचं दुखणं

मैत्रिणींनो, मला एक सवत आहे. दचकू नका! पांढऱ्या रंगाची, चार चाकांची, २००७ सालची डिझेल पिकअप आहे ती. ह्यांचा दिवस तिच्यापासून सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो. शेतांवरचे टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात पोचवायचे, हा आमचा धंदा. माझी शाळेतली अर्धवेळ नोकरी म्हणजे वरणभातावरचं तूप. वरणभात मात्र तिच्याच जिवावर. तेव्हा सवत असली तरी तिची बडदास्त ठेवावी लागते.

गेल्या पावसाळ्यात ती बिघडली. पहाटे स्टार्टर मारला की बराच वेळ नुसती घरघर. कशीबशी चालू झाली, की उभ्या जागी थडथड हलायची, मध्येच एखादा ठोका चुकवायची, धूर ओकायची. ह्यांच्या भाषेत ‘मिसिंग मारते’. दहा-पंधरा मिनिटं रेस केली की शांत. मग दिवसभर काही तक्रार नाही. पण त्या पंधरा मिनिटांत सासूबाईंची झोपमोड व्हायची आणि शेजारणीची कुरकुर मला ऐकावी लागायची. एके दिवशी मीही तोंड सोडलं, “अहो, सगळ्या आळीला उठवायलाच हवं का?” हे काही बोलले नाहीत. एरवी एकाला दोन उत्तरं देणारा माणूस गप्प बसतो, तेव्हा समजायला हवं होतं. मला नाही समजलं.

आठवड्याने जेवताना मान खाली घालूनच म्हणाले, “तुझी भिशी लागली ना गं? वीस हजार हवे होते.” गॅरेजवाल्याने डिझेलचा पंप उतरवून दुरुस्त करायला सांगितला होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला. ते पैसे थोरलीच्या अकरावीच्या फीसाठी होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच तर मान खाली होती.

मी बी. ए. झालेली, मुलांना मराठी शिकवणारी. इंजिनातलं मला काय कळणार? पण पोर आजारी पडलं की डॉक्टर आधी काय विचारतात? ताप कधी येतो, कधी उतरतो, काय खाल्लं होतं. मी म्हटलं, “फक्त चार दिवस द्या. गाडी कधी बिघडते ते मला रोज सांगा.” ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडते, त्याच्यावरच सवतीचा ताप मांडू लागले.

चार दिवसांत चित्र असं दिसलं: रात्रभर उभी राहिली की त्रास, दुपारी तासभर थांबली तर नाही. टाकी भरलेली असली की त्रास कमी. आणि गल्लीच्या चढावर, तोंड वर करून लावली त्या पहाटे सगळ्यात जास्त!

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा रडत आला. त्याची नळी चिरली होती; कितीही ओढलं तरी रसाऐवजी तोंडात हवाच येत होती. रस मात्र बाहेर एक थेंब सांडत नव्हता. माझ्या मनात लखकन काहीतरी चमकलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर आधी हसले. पण शेजारी एस. टी.तून निवृत्त झालेले मिस्त्रीकाका आहेत. त्यांनी कॅलेंडर वाचलं आणि म्हणाले, “सूनबाई बरोबर म्हणतायत. गाडी एअर घेतेय.” टाकी खाली मागे, फिल्टर वर पुढे. वाटेतल्या नळीला चीर असली की रात्री तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. चढावर तर अधिकच. डिझेल दाबलं जात नाही, हवा दबते. म्हणून बुडबुडा आला की पंपाचा जोर फुकट जातो आणि त्या ठोक्याला डिझेल पोचत नाही. उभ्या इंजिनाला दर ठोक्याला थेंबभरच डिझेल लागतं, म्हणून लहानसा बुडबुडाही तिथे जाणवतो. आणि नळी आत ओढणारी असल्यामुळे बाहेर गळत नाही. खाली जमीन कोरडी, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

काकांनी फिल्टरजवळ वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी चालू केली, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! शोधता शोधता क्लिपखाली चिरलेली रबरी नळी सापडली. फिल्टरच्या तळाशी पाणीही निघालं. नवी नळी, क्लिपा, तांब्याचे वायसर, नवा फिल्टर. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिले. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. दुसऱ्या पहाटे गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. सारा खर्च बाराशेच्या आत.

एक मात्र सांगते, घरच्या घरी पाने घेऊन बसू नका. नव्या गाड्यांच्या इंजेक्टरच्या नळ्यांत इतका दाब असतो, की सैल केल्यास डिझेलची धार कातडीच्या आत घुसते. काम जाणत्याचंच. पण दुखणं कधी होतं, किती वेळ राहतं, कशाने उतरतं, हे टिपायला पदवी लागत नाही. मोठा खर्च कबूल करण्याआधी चार दिवस तेवढं करा.

थोरलीची फी वेळेवर भरली. त्या रात्री हे म्हणाले, “महिनाभर पहाटे तीनला उठत होतो, ती गरम व्हावी म्हणून. धंदा बसतो की काय, असं वाटत होतं.” आणि मी आळीची झोप मोजत होते! गाडीचा ताप कॅलेंडरवर मांडला. ह्यांचं गप्प बसणं मांडायचं मात्र राहून गेलं होतं.

आता तो कागद मी उलटलाय. मागच्या कोऱ्या बाजूवर कधी कधी हे स्वतःच लिहून जातात, “आज जरा दमलोय.” सवत मात्र ठणठणीत आहे.