आठवीचा हजेरीपट

दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ही आता मराठवाड्यात ठरलेली गोष्ट झाली आहे. भाऊबीज उरकली की शाळेच्या आवारात मांडव पडतो. घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, निवृत्त सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं, आणि मग कुणीतरी हजेरी घ्यायला उभं राहतं. चाळिशी ओलांडलेली माणसं लहान बाकांवर अंग चोरून बसलेली असतात आणि 'हजर सर' म्हणताना एकेकाचा आवाज कापतो. मी या सोहळ्यांची टिंगल करणाऱ्यांतला नाही. मला ते मनापासून आवडतात. पण वारंगा फाट्यावर आमच्या १९९९च्या बॅचच्या मेळाव्याची यादी तयार व्हायला लागली, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. बॅच म्हणजे नक्की कोण?

आधी फाट्याबद्दल सांगायला हवं. नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता इथे दोन वाटांना लागतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. जाणारे-येणारे खिचडी खायला थांबतात, चहा पितात आणि पुढे निघतात. फाट्याला जुन्या गावासारखी वेस नसते. माणसं इथे आली ती रस्त्यामागे, धंद्यामागे. आमचा वर्गही तसाच जमलेला. आसपासच्या खेड्यांतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपली, की पोरं आठवीला फाट्यावर यायची. कुणी सायकलवर, कुणी एसटीने, बरीचशी पायी.

एका गावातल्या वर्गमित्रांना शाळेबाहेरही एकमेकांचा पत्ता असतो. गल्ली एक असते, भावकी असते, सप्त्याची पंगत असते. शाळा सुटलेला पोरगा निदान पारावर तरी दिसतो. आमची ओळख मात्र शाळेची घंटा आणि एसटीचा थांबा एवढ्यापुरती होती. कुणी यायचं बंद झालं, की ते आमच्या जगातूनच गेलं. आज आला नसेल, उद्या येईल, असं म्हणता म्हणता सहामाही यायची आणि त्या बाकावर दुसरंच कुणी बसलेलं असायचं.

वर्षही काय भारी होतं आमचं! १७ सप्टेंबर १९९८ला मराठवाडा मुक्तीला पन्नास वर्षं झाली. बाकी महाराष्ट्रातल्या पोरांना १५ ऑगस्टनंतर थेट २६ जानेवारीलाच झेंडावंदन, आम्हाला मधे हे एक जास्तीचं. आदल्या रात्री लोट्यात निखारे भरून शर्टाला इस्त्री करायची. मार्च १९९९मध्ये आम्ही परीक्षेला बसलो ते परभणी जिल्ह्याचे विद्यार्थी म्हणून. १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्या सुट्टीत एकीकडे इंग्लंडमधला विश्वचषक, दुसरीकडे कारगिल, आणि निकाल हातात पडेपर्यंत आमचा जिल्हाच बदललेला. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्का जुनाच आहे. 'जि. परभणी'वर निळ्या शाईची तिरपी रेघ, आणि वर बारीक अक्षरात 'हिंगोली'.

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला होता. नववीच्या मुलांनी पोहे केले, आम्ही वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यावर ऑइलपेंटने 'दहावी १९९९ बॅचतर्फे सप्रेम भेट' असं लिहून घेतलं होतं. मनोगतं झाली. गुरुजनांचे संस्कार, ज्ञानमंदिर, पाखरं आणि घरटं, सगळं यथासांग झालं. आठवीत आमच्याबरोबर असलेल्या आणि त्या दिवशी मांडवात नसलेल्या मुलामुलींचं नाव एकाही मनोगतात नव्हतं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. निरोप जाणाऱ्यांना देतात. जे आधीच गेले, त्यांना निरोप द्यायची रीतच नाही.

आठवीत आमच्या वर्गात गणितात पहिली येणारी मुलगी होती. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली, की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा, त्यात तीही. वेचणीचे पैसे किलोवर मिळायचे आणि पोरांची बोटं चपळ. त्या वर्षी वेचणी संपल्यावर बाकीचे परतले, ती आली नाही. मुलींना एसटीचा पास फुकट होता, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. पण पास फुकट असून भागत नाही, बस वेळेवर यावी लागते. संध्याकाळची गाडी चुकली, की मुलीला अंधारात फाट्यावर उभं राहावं लागायचं. दोनदा तसं झालं की घरातले तिसऱ्यांदा पाठवत नसत. सर रोज तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत होते. एक दिवस त्यांनी पट्टी ठेवून लाल शाईने सरळ रेघ ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : नाव कमी.

मागच्या उन्हाळ्यात ती भेटली. तिची लेक मानव विकासच्या निळ्या बसने शाळेला जाते, बारावी करणार म्हणते. मी मेळाव्याचं सांगितलं तर हसली. "मी कुठं तुमच्या बॅचची? तुमची बॅच दहावीची. मी आठवीतच बसले की घरी." आणि मग तिने आठवीची हजेरी म्हणून दाखवली. एकापासून सुरू केली, नावं क्रमाने, मध्ये न अडखळता. मला त्यातली निम्मीही आठवत नव्हती. आमच्या आठवीवर नववी साचली, दहावी साचली, पुढे नांदेडचं कॉलेज, नोकरी, सगळं साचत गेलं. तिच्या आठवीवर पुढचा वर्गच चढला नाही. शाळा तिला आमच्यापेक्षा जास्त आठवते, आणि आठवणींच्या कार्यक्रमाला आम्ही तिला धरत नाही.

हा हिशेब फक्त आमचा नाही. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, बसूच न शकलेले त्या गणितात कुठेच येत नाहीत. २०२१मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या आकड्याकडे बघून, मोबाइल नसल्याने किंवा कामाला लागल्याने कुणी वाटेत गळालं असेल, याची शंकासुद्धा येत नाही. शिक्षण हक्काचा २००९चा कायदाही चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच बोट धरतो. ज्या वळणावर आमची माणसं सुटली, तिथेच कायदाही हात सोडतो.

म्हणून ग्रुपवर मी सुचवलं की यादी दहावीच्या नव्हे, आठवीच्या हजेरीपटावरून करू. दोघांनी लगेच अंगठे दाखवले. एकाने लिहिलं, "त्यांना अवघडल्यासारखं होईल." होईलही. पण अवघडणार ते आहेत की आपण, हे आधी ठरवलं पाहिजे. आपण कोण झालो हे सांगायचाच कार्यक्रम असेल, तर त्यांना नक्की अवघडेल. आपण कोण होतो हे आठवायचा असेल, तर त्यांच्याशिवाय तो पुराच होणार नाही.

तेव्हा ठरलं ते असं. शाळेत अर्ज देऊन जुना हजेरीपट बघायचा. लाल रेघ असलेली नावं आधी उतरवायची. गावं आपसांत वाटून घ्यायची, आणि निरोप मोबाइलवर न पाठवता प्रत्येकाच्या घरी जाऊन द्यायचा. वर्गणी कुणाकडेही मागायची नाही, ज्याला द्यायची तो देईल. आणि हजेरी घ्यायला या वेळी सरांना उभं करायचं नाही. ती जिला पाठ आहे, तिनेच घ्यायची.