गाज नसलेला किनारा

आमच्या घरात हा प्रवास ‘गाज’ या एका शब्दामुळे घडला. सहावीत शिकणाऱ्या कन्येला तो कुठल्याशा धड्यात भेटला आणि तिने अर्थ विचारला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. समुद्राचा अखंड, गंभीर ध्वनी, असे शब्दकोशी उत्तर तत्काळ देऊन मोकळे झालो. ‘तुम्ही ऐकली आहे का?’ हा तिचा पुढचा प्रश्न मात्र अडचणीचा होता. एका चर्चासत्राच्या निमित्ताने गणपतीपुळ्याला दोन रात्री काढल्या होत्या खऱ्या, पण तिथे आम्ही मुख्यतः निवासाच्या आवारातले जनरेटर ऐकले होते.

भंडाऱ्याहून मुंबईचा समुद्र सुमारे नऊशे किलोमीटर. आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. मराठी साहित्यातला किनारा बहुतांशी कोकणातला, आणि तो आम्ही वर्षानुवर्षे अशा मुलांना शिकवतो ज्यांनी भरती-ओहोटी फक्त परीक्षेत लिहिली आहे. ती बरोबर लिहितात, हे विशेष. त्यात काही उणे आहे असे आम्हाला कधी वाटले नव्हते. आता वाटले. शिवाय धाकट्या चिरंजीवांना नाताळच्या सुटीत काहीतरी ‘ॲडव्हेंचर’ हवेच होते. म्हणून जवळात जवळचे मोठे पाणी गाठायचे ठरले: अंभोरा.

अंभोरा तसे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातले, पण पलीकडचा काठ आमचा. वैनगंगेला इथे कन्हान येऊन मिळते, आणखी लहान नद्या मिळून पाच नद्यांचा संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ च्या सुमारास, ‘विवेकसिंधु’ रचला तो इथेच, असे विदर्भातले अभ्यासक आग्रहाने सांगतात; मराठवाड्यातले तितक्याच आग्रहाने अंबेजोगाईचे नाव घेतात. आम्ही या वादात वर्गात तटस्थ असतो आणि घरी पक्के वैदर्भीय. मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान, त्याच्या नावात ‘सिंधु’ असावा आणि त्याच्या दोन्ही दावेदार गावांपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असावा, याची गंमत मात्र त्या दिवशी टेकडीवर उभे राहिल्यावरच जाणवली. कारण समोर खरोखरच सिंधु पसरला होता.

हा सिंधु अलीकडचा. पवनी तालुक्यातल्या गोसे खुर्द इथल्या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे. पुढे हळूहळू पाणी अडवले जाऊ लागले तसे ते नदीचे पात्र सोडून शेतांत, शेतांतून गावांत शिरले. त्या गावांपैकी एक आमच्या आईचे माहेर. घरे, देऊळ, शाळा उठून पुनर्वसनाच्या चौकोनी भूखंडांवर गेली. आई त्यानंतर या बाजूला आली नव्हती. या खेपेला मुलांबरोबर ती आपणहून निघाली.

खरे सांगायचे तर आम्ही तिच्याकडे डोळे लावून होतो. साहित्याच्या माणसांना ही खोड असते. बुडालेले माहेर, वृद्ध स्त्री, संथ पाणी. आता तिचे डोळे भरून येणार, हे आम्ही मनात लिहूनही टाकले होते. आईने पाण्याकडे पाहिले, म्हणाली, ‘काहीच वळखू येत नाही,’ आणि पदरावरून लाइफ जॅकेट नीट बसते आहे का ते पाहू लागली.

आधी आम्ही काठाकाठाने चाललो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा आमच्याकडचा खडक कितीतरी पुरातन. इथे तो धारदार कड्यांनी पाण्यात उतरतो. जलाशय उतरला की खडकावर पांढुरकी रेघ राहते. चिरंजीव त्या रेघेवरून उड्या मारत पुढे, आम्ही हाका मारत मागे. खडकांच्या बेचक्यांत हिरवट साय धरली होती. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते. पाय धुवायला वाकलेल्या मुलांना आम्ही मागे ओढले.

मग नाव. परतताना वारा सुटला, लाटा उठल्या, कन्येने काठ घट्ट धरला. मधोमध इंजिनाचा पंखा कशात तरी अडकला आणि नावाड्याने ते बंद केले. ‘घाबरू नोका जी, खाली झाडं आहेत. इथं आमराई होती,’ तो बांबूने चाचपत म्हणाला.

‘आमराई नाही,’ आई म्हणाली. ‘मोहाची झाडं होती.’

नावाडी थांबला. ‘हो माय. मोहाचीच.’

चिरंजीवांनी लगेच विचारले, ‘आजी, मग तुझं घर?’ आईने नावाड्याला नदी कुठून कुठे वाहायची ते विचारून घेतले आणि बोट केले. पण बंद पडलेली नाव वाऱ्याने हळूहळू फिरत होती. तिने बोट बदलले, पुन्हा बदलले, मग हात मांडीवर ठेवला. इंजिन सुरू झाले.

काठावर उतरल्यावर तिने एका ढिवराकडून मासळी घेतली, भावावरून बरीच हुज्जत घातली. गाडीत बसल्यावर कन्येने आपला जुना प्रश्न पुन्हा काढला: आज जी ऐकली ती गाज का? आम्ही काही बोलण्याआधी आई म्हणाली, ‘या पाण्याला आवाजच नाही. पुराच्या राती नदीचा आवाज पार घरात ये. भिंतीला कान लावला तर भिंतीतही ये.’

‘कसा?’

आईने ओठ मिटून घशातून एक लांब, खोल स्वर काढला. गाडीच्या घरघरीत तो नीट ऐकू येईना, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी बंद केली.